कुमुदवयनीची चोरटी

कुमुदवयनीने चोर निवडला तेव्हा मी आणि दीपा एकदमच हसलो.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर तिघे उभे होते. एक लोखंडी चिलखतातला योद्धा, हातभर रुंद तलवारीचा. एक लांब दाढीचा जादूगार. आणि कडेला, चित्रातसुद्धा अर्धा काळोखात, टोपडं डोळ्यांवर ओढलेला चोर. तिघांतला एक निवडायचा, तो बाई की पुरुष ते ठरवायचं आणि त्याला घेऊन खेळात उतरायचं, असं दीपाने आम्हाला समजावलं होतं. मी क्षणाचाही विचार न करता योद्धा घेतला होता. वयनीने चष्मा वर सरकवला, पडद्याजवळ तोंड नेलं, मासळीच्या पाटीत बघावं तसं तिघांना निरखलं आणि बोट टेकवलं.

"ह्यो. ह्यो कडेचो."

"आई, तो चोर मगे!" दीपा म्हणाली.

"आसांदे. तेच्या हातात काय दिसता? काय नाय. मगे तेका कोण इचारतलो?"

हसू आलं ते एवढ्यासाठी, की अर्ध्या कोरगावातल्या बायका परगावी जाताना घराच्या किल्ल्या जिच्याकडे ठेवून जायच्या, ती ही बाई. आणि तिला व्हायचं होतं चोर.

कुमुदवयनी माझी मोठी जाऊ. मी चंदगडकडची. लग्न होऊन गोव्यात, पेडणे तालुक्यातल्या या गावात आले तेव्हा ती या घरात चांगली मुरलेली होती. तिचे यजमान, ज्यांना सगळे दादा म्हणत, शेती आणि काजू बघायचे. माझे यजमान डिचोलीकडे एका खाणीच्या वर्कशॉपात होते, ते शनिवारी घरी यायचे. दीपा ही वयनीची एकुलती मुलगी. सरकार अकरावीच्या मुलांना घरी कॉम्प्युटर देत होतं ते ते दिवस. दीपालाही मिळाला. मधल्या खोलीतल्या मेजावर तो बसला, त्यावर वयनीने विणलेला रुमाल आला, आणि पुढे दीपा कॉलेजला फोंड्याला गेली तेव्हा तो आणि म्हापशाहून आणलेली ती खेळाची सीडी मागे राहिली. जाण्याआधी दोन दिवस दीपाने आम्हाला शिकवलं. "तुमका दनपारचा काय काम आसता?" म्हणाली. तिला वाटलं, आठवड्यात विसरू.

विसरलो नाही. सकाळी मी बालवाडीवर जायची, दुपारी परत. जेवणं होत, दादा पडवीत आडवे होत, भांडी उपडी होत. मग वयनी जनेलाचा, म्हणजे खिडकीचा, एक दरवाजा लोटून घ्यायची. खोलीत हिरवट काळोख व्हायचा, आंब्याच्या पानांतून गाळून आलेला. काजूचे दिवस असले की मागच्या परसातून पिकलेल्या बोंडूंचा, म्हणजे काजूच्या फळांचा, वास यायचा, गोड आणि थोडा आंबलेला, डोकं जड करणारा. पंखा कुरकुरायचा. आणि त्या काळोखात पडदा उजळायचा, आणि आम्ही दोघी जावा कुठल्यातरी बर्फाच्या डोंगरावर, कुठल्यातरी पडक्या किल्ल्यात निघून जायचो. एक खेळायची, दुसरी बघायची. संध्याकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा पोंपों ऐकू आला की परत यायचो. त्या दुपारी आठवल्या की मला अजूनही वाटतं, त्या किती होत्या कोण जाणे, पण एकच लांब दुपार असावी तशा त्या माझ्यात साठल्या आहेत.

बसण्याआधी वयनी हातातल्या काचेच्या बांगड्या कोपराकडे सारून घट्ट बसवायची. स्वयंपाकघरातही तशीच. बांगडी वाजलेली तिला चालत नसे. चालताना पाय वाजत नसत, डब्याचं झाकण वाजत नसे, चुलीपाशी झोपलेलं मांजर ती वरून ओलांडून गेली तरी कान हलवत नसे. उजव्या पायाची मांडी घालून ती कदेलावर, खुर्चीवर, बसायची, माउसखाली घडी घातलेला टॉवेल ठेवायची आणि माउसवर हात असा ठेवायची, जणू पिलू धरलंय.

सुरुवातीचे कितीतरी दिवस मी जिंकत होते. माझ्या योद्धीला मी भरपूर बळ दिलं. या खेळात थोडं पुढे गेलं की आपल्या माणसाला वाढवायला गुण मिळतात. ते बळात घालायचे, की चपळाईत, की अंगाच्या काटकपणात, ते आपण ठरवायचं. मी सगळे बळात आणि काटकपणात ओतले. लोखंडी चिलखत, लोखंडी ढाल. लांडगा आला, मारला. दरोडेखोर आले, मारले. वयनीची चोरटी मात्र पहिल्याच लांडग्याला बळी पडायची.

"मेलंय गो!" ती आनंदाने म्हणायची. पुन्हा सुरू करायची. पुन्हा मरायची.

"वयनी, थोडं बळ तरी द्या तिला. सगळं चपळाईतच घालताय."

"बळ घेऊन काय करूचा? मार खावक?"

"मारायला."

"मारता तेका मार पडता. हिका कोणी बघूचाच नाय."

मला ते हट्टाचं वाटायचं. पण खेळ पुढे सरकला तसं चित्र बदलायला लागलं. माझी योद्धी चालली की चिलखत खडखडायचं आणि किल्ल्यातले सगळे पहारेकरी एकदम धावून यायचे. मी सगळ्यांशी लढायची. लढून पार व्हायची, पण अर्धमेली होऊन, औषधाच्या सगळ्या बाटल्या संपवून. वयनीची चोरटी भिंतीच्या सावलीतून जायची. पहारेकरी जांभई देईपर्यंत थांबायची. थांबणं हाच तिचा अर्धा खेळ होता, आणि वयनीला ते बघत बसायला कंटाळा येत नसे. मग पाठीमागून एकच वार, आणि तो माझ्या तलवारीच्या तीन घावांएवढा. कित्येकदा तर तोही नाही. ती नुसती निघून जायची आणि पहारेकरी जागच्या जागी पेंगत राहायचा.

माझ्या बाईला दार फोडावं लागे, तिच्या बाईला ते उघडता येई. एकदा मी एक पेटी तलवारीने फोडली, तर आतल्या बाटल्याही फुटल्या. तीच पेटी वयनीने उघडली तेव्हा आत निळ्या औषधाच्या सहा बाटल्या ओळीने उभ्या.

"बघ," ती म्हणाली. मग मला वाईट वाटलं असं वाटून लगेच पुढे म्हणाली, "पण तुझी मेली नाय अजून. माझी दिसाक धा फावटीं मरता."

ते खरंच होतं. चोराचं आयुष्य तसंच. सावली आहे तोवर राणी. एकदा का चौघांनी उजेडात घेरलं की दोन घावांत संपली. मी माझ्या बाईला "जड पण भरवशाची" म्हणायची. वयनी तिला "तुझो रेडो" म्हणायची. आमचं यावर रोज भांडण होई, तेही हळू आवाजात, कारण पडवीत दादा झोपलेले.

तिच्या चोरीलाही नियम होते. खेळात एक गाव होतं, तिथे कुणाच्याही खिशात हात घालता यायचा. वयनीने व्यापाऱ्याच्या खिशात घातला, मठातल्या जाड्या महंताच्या घातला, शिपायांच्या तर येता-जाता. एक दिवस चुकून विहिरीवरच्या म्हातारीच्या खिशात हात गेला आणि एक पितळी अंगठी आली. वयनी अस्वस्थ झाली. परत द्यायला गेली, पण खेळात परत द्यायची सोय नाही. तिने ती अंगठी म्हातारीच्या पायाशी जमिनीवर टाकली. म्हातारी उचलेना. वयनी एका बाजूला, दुसऱ्या बाजूला, अगदी वाटेवर टाकून बघत होती.

"घेणा नाय गो मेली. रुसली."

आठवड्याने दीपाचा फोन आला तेव्हा वयनीने आधी हेच विचारलं. दीपा हसून म्हणाली, "आई, ती फकत चित्र. तिका काय कळना." वयनीने फोन ठेवला. पण पुढे त्या गावातून जाताना ती विहिरीची वाट टाळायची.

खेळाबाहेरही तिची रीत तीच होती, असं मला हळूहळू दिसायला लागलं. मी लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात, जेवताना सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं की मी बालवाडीवर नोकरी करणार. भांडण झालं, रडणं झालं, मी हटले नाही. नोकरी मिळाली. पण सासूबाई जाईपर्यंत माझ्याशी कधी सरळ बोलल्या नाहीत.

वयनीने दीपाला फोंड्याला पाठवलं ते असं. दादांच्या मनात मुलीला घरून जाता येईल तेवढंच शिकवायचं होतं. वयनी चकार शब्द बोलली नाही. फक्त रोज जेवायला वाढताना काहीतरी विचारायची. फोंडा फोंडा म्हणतात ते म्हापशापेक्षा लांब काय हो? थंय जावक बस खयसून मेळता? होस्टेलात जेवण शिवराक, बिनमासळीचा आसता? तिला काही माहीत नाही असं समजून दादा चिडून चिडून समजावत राहिले. बसची वेळ सांगितली, होस्टेलची चौकशी करून आले, शिक्षणाचं महत्त्वही त्यांनीच सांगितलं. पावसाच्या तोंडावर एक दिवस ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "शुभा, दीपाक फोंड्याक घालूचा म्हणतंय मी. तुझ्या वयनीक जरा समजाव. ती भियाता."

मी स्वयंपाकघरात गेले. वयनी सोलं धूत होती. वर न बघता म्हणाली, "काय म्हणतत? माका समजाव?"

सावलीतून जाणारी बाई उजेडात अडकली ती दोन ठिकाणी, आणि दोन्ही साधारण एकाच सुमारास.

खेळातली अडचण आधी आली. एका किल्ल्याच्या शेवटी मोठा दिवाणखाना होता. मशालींनी उजळलेला, सावली कुठेच नाही. दार आपल्यामागे बंद व्हायचं आणि समोर राक्षस, ताडाएवढा. तिथे लपता येत नव्हतं, पाठीमागून वार होत नव्हता. माझी योद्धी दोन दिवसांत पार झाली. ढाल पुढे, तलवार वर, बस्स. चोरटी मरत राहिली. मी म्हटलं, आता तरी मिळालेले गुण बळात घाला, चिलखत घ्या. तिने मान हलवली.

"इतकी वरसां एक शिकलंय आणि आता दुसऱ्याचो झगो घालू? माका तेतूर चालूक तरी येतला?"

घरातली अडचण डोंगराची होती. गावाबाहेर आमची काजूची बाग होती, डोंगराच्या उतरणीवर. सासऱ्यांच्या नावावर, म्हणजे दोन्ही भावांची. दादांना ती विकायची होती. त्यांचंही खोटं नव्हतं. गुडघे गेले होते, बोंडू वेचायला माणसं मिळत नव्हती, घराचं छप्पर बदलायला झालं होतं, आणि किनाऱ्याजवळचे डोंगर तेव्हा दिल्ली-मुंबईची माणसं बंगल्यांसाठी मागेल त्या भावाने घेत होती. म्हापशाचा एक एजंट आठवड्याला फेऱ्या मारायला लागला. माझे यजमान दादांच्या शब्दाबाहेर नव्हते.

पहिलं गिऱ्हाईक वयनीने चहाबरोबर परतवलं. बागेत शिरताना ती त्या माणसाला अगदी आदराने म्हणाली, "चपला हयच सोडा हां. वयर राखणदार आसा. तो वायट करी ना. फकत वाट चुकयता." आमच्याकडे प्रत्येक गावाला असा एक रखवालदार देव असतो, त्याला राखणदार म्हणतात. तो भाविक गृहस्थ अनवाणी अर्ध्या डोंगरापर्यंत गेला आणि पाय पोळले म्हणून खाली आला. परत आला नाही. दुसऱ्याच्या वेळी नकाशाची प्रत सापडेना, मग सापडली तर एजंटचा मुहूर्त टळलेला. मी एकीकडे हसत होते, एकीकडे मला चीड येत होती. एका रविवारी जेवताना माझं तोंड सुटलंच. दादांना मी म्हटलं, ती झाडं कोणी लावली ते विसरलात का. दादा अर्ध्या ताटावरून उठले. माझे यजमान माझ्यावर ओरडले. त्यानंतर ते दोघे भाऊ जास्तच घट्ट झाले.

"तू तलवार काडलंस," वयनी नंतर चुलीपाशी म्हणाली, रागाने नाही, "मगे ते पण काडतले ना?"

तिसरं गिऱ्हाईक पक्कं निघालं. त्याने स्वतःचा भटजी आणला, राखणदाराला नारळ आणि केळी ठेवली, झाडाला हात जोडले. वयनीने ते दारातून बघितलं. त्या दिवशी दुपारी ती खेळायला बसली नाही.

गोव्यात नवऱ्याच्या जमिनीत बायकोचाही वाटा असतो. तिची सही नसेल तर विक्री होत नाही. म्हणून ठरल्या दिवशी आम्हा दोघी जावांनाही पेडण्याला सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत नेलं. भाऊ एजंटच्या गाडीतून गेले, आम्ही बसने. रात्रभर माझ्या मनात मी काय बोलणार त्याचीच उजळणी चालली होती. वयनी खिडकीशी बसली होती, नवी हिरवी साडी नेसून. मग म्हणाली, "थंय आतमधी बरेच लोक आसतत?"

"असतील. का?"

"उगीच."

होते. लांब खोली, पंखे, बाकांवर माणसं, कुणाचं लेकरू रडतंय. आमचं नाव पुकारल्यावर आम्ही सगळे मोठ्या मेजापुढे उभे राहिलो. दादांनी सही केली. साहेबांनी कागद वयनीकडे सरकवला आणि रोजच्यासारखं विचारलं, "बाई, मजकूर समजला? सही स्वतःच्या मर्जीने करता ना?"

वयनीने पेन उचललं. पेन हातात धरून ती तशीच उभी राहिली. साहेबांनी पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. मागच्या बाकावरची माणसं बघायला लागली. तेव्हा मला एक आवाज ऐकू आला, बारीक, सारखा येणारा, आणि तो कसला हे कळायला मला वेळ लागला. वयनीच्या बांगड्या एकमेकींवर वाजत होत्या.

"समाजला," ती म्हणाली. "पण माझी मर्जी नाय."

दादांनी मान वळवली. "काय बोलतंस?"

"डोंगर माका विकूचो नाय." आवाज फाटला होता, पण खोलीच्या टोकापर्यंत गेला असणार. "मी लग्न होऊन आयलंय तेन्ना थंय फकत फातर होते. एकेक झाड मी लायला. कळशेन पाणी चढयला. तुमचा ता तुमचा. तेतूर माझा आसा, ता माका देवचा नाय."

तिने पेन मेजावर ठेवलं. हळूच, आवाज न करता.

एजंट काहीतरी बोलायला लागला. साहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं. "बाई नको म्हणतात ना? मग झालं," म्हणाले आणि कागद परत दिला. रात्रभर जुळवलेलं माझं भाषण तसंच राहिलं. मी फक्त तिच्या बाजूला सरकून उभी राहिले.

दादा गाडीत बसून निघून गेले. आम्ही बसस्टँडवर आलो. वयनीने मला लिंबूसोडा मागितला, तो घटाघटा प्यायली, आणि बाकावर बसून बांगड्या घट्ट वर सारल्या. "रवनत नाय गो," म्हणाली. "बघ, अजून वाजतत."

पुढचं सांगायला सोपं नाही. दादांनी बोलणं टाकलं. चारचौघांत अपमान केला, एवढंच ते माझ्या यजमानांना म्हणाले. त्यांनी आपली खाट पडवीत नेली. जेवायला वाढायची ती मी. वयनीने वाढलेल्या ताटाला ते हात लावत नसत. तरी ती रोज त्यांचं ताट करायची, चटणी कुठे आणि आमटी कुठे ते सगळं त्यांच्या आवडीने मांडायची, आणि मग मला हाक मारायची. पाऊस लागला, घर ओलं झालं, आणि घरात पावसाशिवाय आवाज राहिला नाही. वयनी वाळली. कॉम्प्युटरवर रुमाल तसाच पडून होता. मीही एकटी बसले नाही. लढून जिंकल्यावर घरात काय उरतं ते मला माहीत होतं. तिला ते पहिल्यांदाच भोगावं लागत होतं, आणि ती तक्रार करत नव्हती.

गणपती येऊन गेले. उन्हं पडायला लागली. एका दुपारी मी केरसुणीसाठी माडाच्या झापांचे हीर काढत बसले होते तर मधल्या खोलीत कॉम्प्युटर सुरू झाल्याचा आवाज आला. डोकावले. वयनी बसली होती, बांगड्या वर सारून. समोर तोच दिवाणखाना, तोच राक्षस. मी मागे जाऊन उभी राहिले. चोरटी मेली. पुन्हा सुरू. पुन्हा मेली. नेहमीसारखं "मेलंय गो" मात्र ती म्हणाली नाही.

किती वेळ गेला कळलं नाही. दारात सावली पडली. दादा होते, खांद्यावर पंचा, झोपेतून उठलेले. ते पडद्याकडे बघत राहिले. चोरटी खांबामागून धावली, राक्षसाचा सोटा आपटला, ती पडली.

"ह्यो अजून मरना नाय?" दादा म्हणाले.

वयनीने मागे बघितलं नाही. तिची पाठ ताठ झाली, एवढंच. थोड्या वेळाने ती म्हणाली, "नाय."

"भोंवडाय तेका, गोल गोल. जाडो आसा. दमतलो."

"दमना नाय तो. चित्र मगे."

"तरी भोंवडाय."

दादांनी कदेल ओढलं आणि बसले. वयनीने पुन्हा सुरू केलं. या वेळी ती राक्षसाजवळ गेलीच नाही. खांबांभोवती पळत राहिली, गोल, गोल, आणि वळताना एकेक छोटी सुरी फेकत राहिली. सुरी लागली की राक्षसाचं बळ दाखवणारी लाल पट्टी केसाएवढी कमी व्हायची. दादा "उजव्यान, उजव्यान घे!" म्हणत होते. वयनी "माका दिसता" म्हणत होती. त्या खोलीत कित्येक महिन्यांनी दोन माणसं एकमेकांशी बोलत होती, आणि तीही एका राक्षसाबद्दल. लाल पट्टी अर्धी झाली, पाव झाली, बोटाएवढी राहिली.

आणि वीज गेली.

पंखा फिरत फिरत थांबला. पडदा काळा. मग पहिल्यांदा दादा हसले, मोठ्याने, पोट धरून, आणि हसता हसता खोकले, आणि वयनी उठून त्यांच्यासाठी पाणी घेऊन आली. त्यांनी तांब्या तिच्या हातून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी बालवाडीवरून आले तेव्हा घरात कोणी नव्हतं. ती दोघं डोंगरावर गेली होती, काजूखालचं रान काढायला. कॉम्प्युटर चालूच होता. पडद्यावर चोरटी एका हिरव्या माळावर उभी होती. मागे किल्ल्याचं दार उघडं होतं. गवत वाऱ्याने हलत होतं, आणि खेळातला एक पक्षी वरून पुन्हा पुन्हा तोच फेरा मारत होता. तिने हे कधी केलं, कसं केलं, मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. ते चित्र मी बराच वेळ बघत बसले.

डोंगर राहिला. दादांनी पुन्हा विषय काढला नाही. त्या गिऱ्हाइकाने दुसरीकडे जागा घेतली असं ऐकलं. कॉम्प्युटर पुढे एका पावसात कडाडलेल्या विजेने गेला, आणि आम्ही नवा आणला नाही.

दीपाचं लग्न झालं ते तेरेखोल नदीच्या पलीकडे, शिरोड्याच्या बाजूला. तिच्या पहिल्या बाळंतपणाला वयनी निघाली. तिथेच, बाळ महिन्याचं झालं असेल नसेल, तिला ताप आला आणि चार दिवसांत ती गेली. दादा आणि माझे यजमान पोचले. मला पोचता आलं नाही. म्हणून मी तिला शेवटचं बघितलं ते केरीच्या धक्क्यावर.

मी तिला फेरीबोटीपर्यंत सोडायला गेले होते. बोट भरली होती, स्कूटर, मासळीच्या पाट्या, दोन गाड्या. पायरीवरून तिला पिशव्या दिल्या. ती आत शिरली, आणि बोट सुटली तेव्हा तिला उभं राहायला नीट जागा नव्हती. तिच्या बाजूला एक गोरी बाई होती, उन्हाने लाल झालेली, मोठी मोटरसायकल स्टँडवर लावून शेजारी उभी. त्या दोघींचं काहीतरी बोलणं झालं. कुठल्या भाषेत, देव जाणे. गोरीने मोटरसायकलच्या सीटवर थोपटून दाखवलं. वयनीने तोंडावर पदर घेतला, हसली, मग साडी सावरली आणि एका बाजूला पाय सोडून खरंच त्या सीटवर चढून बसली. जन्मात ती कधी मोटरसायकलवर बसली नव्हती. बोट नदीच्या मध्यावर गेली. पाणी चकाकत होतं. तिने हँडलला हात लावून बघितला, गोरीकडे बघितलं, आणि हॉर्न वाजवला. एकदा. मग पुन्हा, जरा जास्त वेळ. बोटीवरची सगळी माणसं वळून तिच्याकडे बघायला लागली, आणि ती वाजवतच राहिली.